बर्फ की तळं? ठाण्यातल्या एका दगडपेटीचं प्रकरण

पाचपाखाडीतल्या एका निवृत्त मरीन इंजिनिअर काकांनी घर बदलताना आपला दगडांचा संग्रह आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागाला देऊन टाकला. एक पत्र्याची ट्रंक, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळे, तपकिरी, पिवळट दगड, आणि प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. ट्रंक वर्षानुवर्षं त्यांच्या उघड्या गॅलरीत होती. ठाण्यात पाऊस गॅलरीत किती आत येतो हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. चिठ्ठ्या होत्या, शाई नव्हती. काकांना एवढं पक्कं आठवत होतं की दगड दोन ठिकाणचे आहेत. काही आइसलँडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या रेकयानेस द्वीपकल्पावरच्या खडीच्या खाणीतले. बोट दुरुस्तीसाठी बंदरात अडकली होती तेव्हा तिथल्या एजंटने त्यांना फिरवून आणलं होतं. बाकीचे मुंबईच्या पश्चिम उपनगरांत इमारतींचे पाये खणले जात होते तेव्हा उचललेले. कोणता कुठला, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. "सगळे काळेच की हो सर," म्हणाले आणि हसले.

विभागात प्रदर्शनाची तयारी सुरू होती, विषय 'ज्वालामुखी आणि पाणी'. मॅडमच्या डोक्यात एक टेबल पक्कं बसलं होतं: हिमनदीखाली फुटलेले ज्वालामुखी. ठाण्यात असे दगड हाताळायला मिळतात कुठे, त्यामुळे त्यांचा उत्साह समजण्यासारखा होता. पण टेबल मांडायचं तर दोन गोष्टी ठरवणं भाग होतं. एक, आइसलँडचा दगड कोणता आणि मुंबईचा कोणता. दुसरी जास्त अवघड: जो आइसलँडचा म्हणून बाजूला काढू, त्याच्या पाटीवर 'हा बर्फाखाली तयार झाला' असं केवळ त्या दगडाच्या जोरावर लिहिता येईल का? पहिल्यात आम्ही बऱ्यापैकी निभावलो. हे टिपण मुख्यतः दुसऱ्याबद्दल आहे.

लाव्हाला फक्त पाणी कळतं

1100 ते 1200 अंश सेल्सियस तापलेला बेसाल्टी लाव्हा पाण्यात शिरला की त्याची कड तिथल्या तिथे थिजते. स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही, म्हणून काच होते. आतला लाव्हा अजून पातळ असतो. तो ही कड फोडून बाहेर येतो, पुन्हा थिजतो, आणि असे गोलसर लोळ एकावर एक रचले जातात. हाच पिलो लाव्हा, पुस्तकी मराठीत उशी-लाव्हा. हे सगळं शांतपणे घडायला वरून दाब लागतो. दाब कमी पडला की पाण्याची वाफ आणि लाव्हातला वायू मिळून स्फोट घडवतात, काचेचा चुरा होतो, आणि त्या चुऱ्याचा पुढे खडक बनतो. नुसत्या थंडाव्याने तडकलेल्या काचेच्या तुकड्यांचा असेल तर त्याला हायलोक्लास्टाइट म्हणतात, स्फोटातून उडालेल्या राखेचा असेल तर टफ.

ही काच फार काळ काच राहत नाही. पाणी, त्यातही गरम पाणी मुरलं की ती पिवळट-तपकिरी पॅलॅगोनाइटमध्ये बदलते आणि चुरा घट्ट बांधला जातो. किती लवकर, याचं ठसठशीत उदाहरण सुर्त्से बेटाचं आहे. आइसलँडच्या दक्षिणेला 1963 ते 1967 दरम्यान ते समुद्रातून वर आलं. 1979 मध्ये तिथे भोक पाडून नमुने काढले तेव्हा आतल्या उष्ण भागातल्या राखेचा पॅलॅगोनाइट झालेला होता. भूविज्ञानाच्या हिशेबात हे म्हणजे काल पेरलं आणि आज उगवलं.

आता या सगळ्या वर्णनात बर्फ कुठे आला? कुठेच नाही, आणि गोम तिथेच आहे. पाणी समुद्राचं, तळ्याचं की वितळलेल्या हिमनदीचं, याच्याशी लाव्हाला देणंघेणं नसतं. कड थिजायची ती तिन्हीकडे सारखीच थिजते. त्यामुळे ट्रंकेतला पिलो लाव्हाचा तुकडा हातात घेऊन आपण 'पाणी' एवढंच म्हणू शकतो. 'बर्फ' म्हणायला त्या दगडाबाहेरचं काहीतरी लागतं.

"सर, हे तर माथेरानच!"

ते बाहेरचं काय, हे आम्हाला ट्रंकेच्या तळाशी सापडलेल्या एका पिक्चर पोस्टकार्डाने दाखवलं. त्यावर आइसलँडचा हेर्डुब्रेड नावाचा डोंगर होता: 1682 मीटर उंच, उभ्या कड्यांचा, वरून सपाट, मधोमध छोटासा शंकू. आमच्या टी.वाय.च्या एका विद्यार्थिनीने कार्ड पाहिलं आणि पटकन म्हणाली, "सर, हे तर माथेरानच!"

ती कळव्याची. रोज लोकलच्या दारातून पारसिक आणि मुंब्र्याचा डोंगर बघत येणारी मुलगी, सुट्टीच्या दिवशी मलंगगड-माहुली करणारी. सपाट माथ्याचा डोंगर तिला अजिबात नवा नव्हता, आणि म्हणूनच तिचा प्रश्न आम्हाला पुढे फार उपयोगी पडला. सह्याद्रीतला सपाट माथा बर्फाशिवाय होतो, तर आइसलँडमधला सपाट माथा बर्फाचा पुरावा कसा?

उत्तर माथ्यात नाही, माथ्याखालच्या थरांत आहे. माथेरानच्या कड्यात वरपासून खालपर्यंत लाव्ह्याचे आडवे थर दिसतात, एकावर एक, मैलोनमैल पसरलेले. हे सगळे उघड्या जमिनीवर वाहिलेले लाव्हे. पूर्वी ते सलग पठार होतं. नद्यांनी आणि पावसाने आजूबाजूचं खाऊन टाकलं आणि मध्ये माथेरान, प्रबळगड असे तुकडे उरले. म्हणजे सपाटपणा आधीचा, कडे नंतरचे. हेर्डुब्रेडसारख्या डोंगराचं उलट आहे. त्याचे कडे जवळजवळ जन्मजात आहेत. तळाशी पिलो लाव्हा, त्यावर काचेच्या चुऱ्याचे आणि टफचे जाड थर, आणि सर्वात वर उघड्यावर वाहिलेल्या लाव्ह्याची टोपी. अशा डोंगराला तुया म्हणतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या तुया ब्यूट या डोंगरावरून भूवैज्ञानिक डब्ल्यू. एच. मॅथ्यूज यांनी 1947 मध्ये हे नाव रूढ केलं. असे डोंगर बर्फाखाली रचले जातात हा उलगडा आइसलँडमध्ये गुडमुंडुर क्यार्टान्सन यांनी 1943 मध्ये स्वतंत्रपणे मांडला होता.

डोंगर रचला कसा जातो ते त्या थरांच्या क्रमातच वाचता येतं. जाड हिमस्तराच्या तळाशी लाव्हा बाहेर पडतो आणि वितळलेल्या पाण्याची पोकळी तयार करतो. 500 मीटर बर्फाचं वजन म्हणजे तळाशी वातावरणाच्या सुमारे 45 पट दाब. त्यामुळे सुरुवातीला स्फोट दबलेले असतात आणि पिलो साठतात. ढीग वर चढतो, बर्फ पातळ होतो, दाब उतरतो आणि स्फोट सुरू होतात: चुरा, राख, टफ. शेवटी ज्वालामुखीचं तोंड पाण्याच्या वर येतं. मग लाव्हा उघड्यावर वाहतो, पाण्याच्या काठापर्यंत जातो आणि तिथे फुटून उतरते थर घालत त्रिभुज प्रदेश तयार करतो. वरचा अखंड लाव्हा आणि खालचा तिरप्या थरांचा चुरा यांच्यामधली जी रेघ कड्यावर दिसते, ती म्हणजे त्या दिवशीची पाण्याची पातळी.

या रेघेपाशी आलो की मला दर वेळी थांबावंसं वाटतं. हेर्डुब्रेड आजूबाजूच्या सपाट, ओसाड मुलखापासून साधारण हजार मीटर वर उठतो. पाण्याची रेघ कड्याच्या वरच्या भागात आहे. म्हणजे तिथे एकेकाळी आसपासच्या जमिनीपासून शेकडो मीटर उंचावर पाणी उभं होतं. कशाच्या आधाराने? आज चारी बाजूंना नजर टाकली तर ते अडवायला एकही डोंगर नाही, खोऱ्याची भिंत नाही. समुद्र तिथवर चढला असेल म्हणावं तर तशा उंचीवर समुद्राची इतर कुठलीच खूण नाही. मग अडवणारी भिंत अशीच असायला हवी जी पुढे निघून गेली आणि मागे काहीच ठेवलं नाही. अशी भिंत फक्त बर्फाची. शिवाय पोकळीतलं पाणी बर्फाच्या माथ्यापर्यंत भरलेलं नसतं, तेव्हा बर्फ त्या रेघेपेक्षाही उंच होता.

मुलीने कार्डाचा फोटो काढून मोठा प्रिंट घेतला आणि त्यावर लाल स्केचपेनने ती रेघ आखली. मग शेजारी माथेरानच्या कड्याचा फोटो ठेवला आणि तिथे अशी रेघ आखायला जागा नाही हे दाखवलं. माझ्या मते या टेबलावरची सर्वात मोलाची वस्तू हीच होती, दगड नव्हेत. मॅडमना अजूनही ते पटलेलं नाही.

बर्फ किती वितळतो

मुलांचा पहिला आक्षेप असतो की बर्फ इतका आणि लाव्हा एवढासा, बर्फच जिंकणार. हिशेब करून दाखवावा लागतो. एक घनमीटर बेसाल्टी लाव्हा पूर्ण थंड होताना जी उष्णता सोडतो, ती सगळी बर्फाला मिळाली तर सुमारे 14 घनमीटर बर्फ वितळतो. प्रत्यक्षात सगळी मिळत नाही, पण तरी पारडं लाव्ह्याकडेच झुकतं.

हे डोळ्यांसमोर घडलं ते 1996 साली. 30 सप्टेंबरला आइसलँडमधल्या वात्नायोकुल या प्रचंड हिमस्तराखाली, बारदारबुंगा आणि ग्रिम्सव्होत्न या दोन ज्वालामुखींच्या मध्ये उद्रेक सुरू झाला. त्या जागेला पुढे ग्याल्प नाव मिळालं. वर अर्ध्या किलोमीटरहून जाड बर्फ. साधारण 30 तासांत त्याला भोक पडून राखेचा लोट बाहेर आला, आणि उद्रेक 13 ऑक्टोबरपर्यंत चालला. बर्फाखाली सुमारे 6 किलोमीटर लांबीचा चुऱ्याचा एक कणा तयार झाला, तोही आज पुन्हा बर्फाखालीच आहे. वितळलेलं पाणी मात्र तिथे थांबलं नाही. ते बर्फाच्या तळातून दक्षिणेला ग्रिम्सव्होत्नच्या तळ्यात जाऊन महिनाभर साठत राहिलं. तळ्यावरचं बर्फाचं झाकण उचललं जात होतं, मोजमापं चालू होती, पूर येणार हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कधी ते माहीत नव्हतं. 5 नोव्हेंबरला पाणी बर्फाखालून निसटलं. दोन दिवसांत तीन घनकिलोमीटरहून जास्त पाणी स्केदारारसांडुर या वाळूच्या मैदानावर आलं. सर्वात जोरात असताना प्रवाह सेकंदाला 45 ते 50 हजार घनमीटर होता. घराएवढे बर्फाचे ठोकळे त्यात वाहत होते. किनाऱ्यालगतच्या रिंग रोडवरचा एक पूल पूर्ण गेला, दुसऱ्याचा तुकडा गेला. माणूस एकही दगावला नाही, कारण रस्ता आधीच बंद केला होता आणि मैदानात वस्ती नव्हती.

सगळीकडे असं निभावत नाही. कोलंबियात 13 नोव्हेंबर 1985 ला नेवादो देल रुईस या ज्वालामुखीच्या माथ्यावरचा बर्फ आणि हिम तप्त राखेने वितळून चिखलाचे लोंढे उतरले आणि आर्मेरो शहरासह परिसरातली सुमारे 23 हजार माणसं गेली. उद्रेक तसा छोटाच होता.

आइसलँडमधला 2010 चा एयाफ्यात्लायोकुल ज्वालामुखी सगळ्यांना आठवतो तो विमानांमुळे. एप्रिलच्या मध्यात माथ्यावरच्या सुमारे 200 मीटर जाड बर्फाखाली तो फुटला, सुरुवातीच्या दिवसांत पाण्यामुळे राख अतिशय बारीक झाली आणि युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद पडलं. प्रदर्शनाला आलेल्या निम्म्या पालकांचा कोणी ना कोणी तेव्हा कुठल्यातरी विमानतळावर अडकलेला होता. त्या टेबलाशी गर्दी जमली ती या आठवणींमुळेच.

निवड

आता ट्रंकेकडे. आमच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वगैरे काही नाही. दहापट भिंग, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली, स्प्रिंग बॅलन्स, बादली आणि लॅबमधले मामा, ज्यांनी तरुणपणी तुर्भ्याच्या खाणीत काम केलेलं आहे. दगड कुठे टोला मारला की कसा फुटतो हे मामांना आमच्यापेक्षा जास्त कळतं.

सर्वात बोलका ठरला एक पाचरीसारखा तुकडा, पिलोच्या कडेचा. बाहेरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा जाड काळा काचेचा थर. ताज्या फुटीवर तो शिंपल्यासारख्या वळ्यांनी फुटलेला आणि चमकदार. त्याच्या आत दोन-तीन सेंटिमीटरवर बारीक वायूची भोकं, कडेला समांतर रांगेत, आणि रिकामी. भिंगाखाली भोकाच्या भिंती स्वच्छ दिसत होत्या, जणू काल थिजल्यासारख्या. त्याच्या शेजारी दुसरा तुकडा ठेवला, आकार तोच, बाक तोच. पण कड मळकट हिरवी, नखाने खरवडली तर भुकटी निघणारी. भोकं सगळी भरलेली: काहींत पांढऱ्या सुयांचे झुबके, काहींत हिरवट माती. एका भोकावर ॲसिडचा थेंब टाकला तर फसफसलं, म्हणजे कॅल्साइट. एकच घडण, फक्त दुसऱ्यावरून पाणी आणि काळ फार मोठा गेलेला.

मुंबईचे पिलो लाव्हे दख्खनच्या ज्वालामुखी काळाच्या अखेरच्या टप्प्यातले, सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे. इतक्या वर्षांत काचेची काच राहत नाही. क्लोराइट, झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं तिची जागा घेतात. रेकयानेसचे खडक त्या मानाने अगदी कोवळे, शेवटच्या काही लाख वर्षांतले. म्हणून रिकाम्या भोकांचा आइसलँडचा, भरलेल्यांचा मुंबईचा, असं आम्ही म्हणू लागलो.

इथे मॅडमनी बरोबर बोट ठेवलं. "पूर्व आइसलँडमध्येही झिओलाइट भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. खरं आहे. तिथले जुने लाव्हे खोल गाडले गेले होते आणि भूवैज्ञानिक जॉर्ज वॉकर यांनी 1960 च्या सुमारास त्या झिओलाइटचे पट्टे मोजूनच किती जाडीचा खडक झिजून गेला हे काढलं होतं. म्हणजे भोकं भरलेली आहेत यावरून दगड जुना आणि गाडलेला, एवढंच ठरतं. तो कुठल्या देशाचा ते ठरत नाही. आमचं प्रकरण सुटलं ते काकांनी 'नैऋत्य टोकाची एकच खाण' हे ठामपणे सांगितलं म्हणून. आइसलँडच्या बाजूला जुना दगड येण्याची शक्यताच त्यामुळे उरली नाही.

टफच्या तुकड्यांतही असाच फरक निघाला. एकात भिंगाखाली काळ्या काचेचे कण आणि त्यांच्याभोवती मधाच्या रंगाची पॅलॅगोनाइटची साल, चिक्कीतल्या गुळासारखी सगळ्यांना धरून बसलेली. दुसऱ्यात साल होती पण आतला काळा कण कुठेच नव्हता, सगळी माती झालेली.

बादली आणि स्प्रिंग बॅलन्स कशाला, असं काकांनी विचारलं. दगड आधी हवेत, मग पाण्यात बुडवून तोलायचा. त्यावरून घनता निघते, आणि घनतेवरून आत भोकं किती याचा अंदाज. दाब जास्त असेल तर वायू कमी सुटतो, भोकं कमी होतात. काचेच्या कडेचा तुकडा पाण्याच्या साधारण 2.8 पट घनतेचा निघाला, म्हणजे बऱ्यापैकी घट्ट. पाणी फार उथळ नव्हतं असं म्हणायला तो मदत करतो. मुंबईच्या तुकड्यांना ही परीक्षा लावून उपयोग नाही, त्यांची भोकं नंतर खनिजांनी भरली आहेत. खरी मोजणी काचेत विरघळून राहिलेल्या पाण्याची करतात. दाब जितका जास्त तितकं पाणी काचेत अडकून राहतं, आणि त्यावरून वरच्या बर्फाची जाडी काढता येते. त्यातही मेख आहे: बर्फाखालून पाण्याला बाहेर वाट मिळाली असेल तर दाब बर्फाच्या वजनापेक्षा कमी असतो आणि जाडी कमी निघते. आमच्याकडे ते यंत्र नाही, त्यामुळे तो मुद्दा पाटीपुरताच राहिला.

एक गोटा मात्र करमणूक करून गेला. त्यावर समांतर चरे होते. एका मुलाने हिमनदीने घासलेला दगड म्हणून तो थेट मधोमध मांडला. मामांनी उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "पोकलेनचा दात आहे हा." चऱ्यांच्या आतला रंग बाकी पृष्ठभागापेक्षा फिका होता, म्हणजे चरे ताजे. हिमनदीच्या गोट्याला घासून सपाट झालेल्या बाजू असतात, चरे एकाहून जास्त दिशांना जातात आणि त्यांच्यावरही तेवढंच जुनेपण चढलेलं असतं. गोटा बाजूला गेला.

आडवे खांब

ट्रंकेत पाच बाजूंचा एक लांबट तुकडा होता, बेसाल्टच्या खांबाचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला बहुभुजी भेगा पडतात. हे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात उभे राहतात. जमीन खाली आणि आकाश वर असेल तर खांब उभे, जसे अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला. पण लाव्हा एका बाजूने बर्फाच्या भिंतीला टेकलेला असेल तर थंडावा आडवा येतो, आणि त्या कडेला खांबही आडवे पडतात, बारीक आणि वेडेवाकडे. डोंगराच्या कड्यावर ते दिसले आणि शेजारी दुसरी कुठली भिंत नसेल तर तो बर्फाचा चांगला पुरावा असतो. ट्रंकेतल्या तुकड्याचं दुखणं असं की तो उचलला तेव्हा उभा होता की आडवा, हे दगडावर कुठेच लिहिलेलं नसतं. खाणीतून हलला तिथेच पुरावा संपला.

बर्फाखाली फुटलेल्यांइतकेच बर्फाला टेकून थिजलेले लाव्हे मला मोलाचे वाटतात, आणि त्यांच्याबद्दल बोललं कमी जातं. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनियरवर लाव्ह्याचे जाड थर दऱ्यांत नाहीत, दऱ्यांमधल्या धारांवर आहेत. लाव्हा चढ चढला नव्हता. उद्रेकाच्या वेळी दऱ्या हिमनद्यांनी भरलेल्या होत्या, लाव्ह्याला कडेकडेनेच जाता आलं, आणि बर्फ गेल्यावर तो उंचावर लटकत राहिला.

ब्रिटिश कोलंबियातलं गारिबाल्डी तळं ज्या लाव्ह्यामुळे अडलं आहे, त्याची गोष्ट याच जातीची आहे आणि ती अजून संपलेली नाही. हिमयुग सरताना क्लिंकर पीकमधून निघालेला लाव्हा खालच्या खोऱ्यातल्या बर्फाला जाऊन टेकला, तिथेच अडून फुगला आणि उभ्या कड्यासारखा थिजला. पुढे बर्फ वितळला आणि तो कडा आधाराविना उभा राहिला. बॅरियर नावाचा हा कडा जवळपास 300 मीटरचा आहे. 1855-56 च्या सुमारास त्याचा मोठा भाग ढासळून खाली रबल क्रीकच्या ओढ्यात गेला. पुढची कोसळ वस्तीवर येईल या धास्तीने 1980 मध्ये प्रांतिक सरकारने खालचं गारिबाल्डी गाव रिकामं करायचा आदेश काढला. तिथे आज कोणी राहत नाही. हा लाव्हा बर्फाने अडवलेला आहे हे 1952 मध्ये लिहून ठेवणारे तेच मॅथ्यूज, तुयावाले. मुंब्र्याला दर पावसाळ्यात दरडींची भीती बाळगून राहणाऱ्यांना या गावाबद्दल फार समजावून सांगावं लागलं नाही.

मुंबईचं पाणी कुठलं

प्रदर्शनाच्या दिवशी सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न: "मग मुंबईतही पूर्वी बर्फ होता का?" प्रश्न रास्त आहे. पिलो तिथेही आहेत आणि इथेही, शेजारी-शेजारी मांडलेले.

नव्हता. दख्खनचे लाव्हे वाहत होते तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, पृथ्वी आजच्यापेक्षा उष्ण होती, आणि लाव्ह्यांच्या मधल्या गाळाच्या थरांत काय सापडतं ते पाहिलं की शंका राहत नाही. वरळीच्या टेकडीतल्या गाळखडकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले, तेही ढिगाने, अगदी एकोणिसाव्या शतकातच. त्यांच्या जोडीला गोड्या पाण्यातली कासवं. हिमनदीच्या पोटात बेडूक नांदत नाहीत. म्हणजे आपल्याकडचं पाणी उथळ तळ्यांचं आणि किनारी दलदलींचं होतं. लाव्हा त्यात शिरला, पिलो झाले, राख उडाली, त्यावर पुन्हा लाव्हा आला. पुढे हा सगळा थर पनवेलच्या घडीने, म्हणजे तिथे खडकांच्या थरांना पडलेल्या मोठ्या बाकाने, पश्चिमेला कलला, आणि म्हणून मुंबईच्या बाजूचे लाव्हे समुद्राकडे झुकलेले दिसतात, तर माथेरानचे जवळजवळ आडवे.

बेडूक आणि लाल रेघ, या दोन गोष्टींनी दोन ठिकाणचा निकाल लावला, आणि दोन्ही दगडाच्या बाहेरच्या होत्या.

पाटीवरून वाद, आणि शेवटी काय लिहिलं

मॅडमचा मसुदा होता: 'हिमनदीखाली जन्मलेला दगड!' शेवटी उद्गारचिन्ह. माझं म्हणणं, आपल्याला खाणीचं नाव माहीत नाही. रेकयानेसवर बर्फाखाली झालेल्या पिलोच्या कण्यांत खाणी आहेत हे खरं, पण त्याच द्वीपकल्पावर बर्फ गेल्यानंतरचे उघडे लाव्हेही मैलोगणती आहेत आणि समुद्र हाकेवर आहे. त्यावर मॅडमचा प्रश्न सरळ होता: "मग सर, लोकांनी टेबलाशी थांबायचं कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि तो टाळण्यासारखाही नव्हता.

तोडगा विद्यार्थिनीने काढला. काचेच्या कडेच्या तुकड्याला तिने पाटी लावली: 'आइसलँड, रेकयानेस. पाण्यात थिजलेला लाव्हा. हे पाणी बर्फाचं असण्याची दाट शक्यता. दगड एकटा ते सांगू शकत नाही. शेजारचा फोटो पाहा.' शेजारी लाल रेघेचा हेर्डुब्रेड, त्याच्याशेजारी माथेरान, आणि खाली प्रश्न: 'या रेघेपर्यंत पाणी कोणी अडवून धरलं असेल?' लोक थांबत होते. काही जण कोन करून फोटो निरखत होते, एका आजोबांनी तर "धरण असेल" असं ठामपणे सांगून टाकलं, जे तसं पाहिलं तर चुकीचंही नाही.

खांबाच्या तुकड्यावर 'दिशा अज्ञात' एवढंच लिहिलं. मुंबईच्या तुकड्यांवर 'तळ्यातला लाव्हा', सोबत बेडकाचं चित्र. चरे पडलेला गोटा मामांनी स्वतःच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला आहे.

एका टफच्या तुकड्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. त्यात पॅलॅगोनाइट भरपूर, काळे कण आहेत की नाही याबद्दल भिंगाखाली दोघांची दोन मतं, आणि भोकांत थोडी पांढरी भर. रेकयानेसवर गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे तरुण खडकातही अशी भर बसू शकते, म्हणून नुसत्या भरीवरून तो मुंबईत टाकता येत नाही. त्याचा थिन सेक्शन कापायला दिला आहे: दगडाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती, काचपट्टीवर चिकटवलेली. ध्रुवीकृत प्रकाशात ती आडव्या-उभ्या फिल्टरमधून पाहताना कणांचे गाभे सूक्ष्मदर्शकाचं टेबल कसंही फिरवलं तरी काळेच राहिले, तर ती अजून काच आहे आणि तुकडा आइसलँडचा. चमकू लागले, तर काच संपून माती झालेली आहे आणि तो मुंबईचा असण्याची शक्यता वाढेल.